नृसिंहवाडीच्या शेजारगावचा नादयोगी : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात संतांची, सत्पुरुषांची चरित्रे येतात. मी यंदा एका गवयाचे चरित्र लिहायला घेतले आहे. गवई आणि दत्तजयंतीचा अंक यांचा काय संबंध, असे काही भक्तांना वाटेल. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. श्रीक्षेत्र नृसिंहवाडीहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड लागते. वाडीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून हे नाव गेलेले असते. त्या कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. पुढे या माणसाने रागदारी दरबारातून बाहेर काढली, भजन देशाच्या सभेत नेले, आणि त्याच्या शिष्यांनी तेच भजन मिठाच्या सत्याग्रहाच्या वाटेवर चालते केले. त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती मात्र दत्तजयंतीच्याच उत्सवात.

मी संगीताचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारी नोकरी बँकेत कारकुनी करण्यात गेली. पण कानावर चांगले पडत राहिले. शिरोळ तालुक्यातल्या एका शाखेत काही वर्षे होतो, तेव्हा पौर्णिमेची वाडीची वारी सहसा चुकली नाही. संध्याकाळी पालखी निघते, पदे सुरू होतात, आणि दिवसभर पीककर्जाच्या अर्जांत डोके घातलेला माणूससुद्धा नकळत त्या चालीवर पाऊल टाकू लागतो. ही गाण्याची ताकद काय आहे, हे पलुसकरांच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे दिसलेले नाही.

पलुसकरांचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगली भागातल्या पलूस गावचे म्हणून पलुसकर. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. कीर्तनकाराच्या घरातले मूल म्हणजे बोलायच्या आधी टाळ वाजवणार. विष्णूचेही तसेच झाले असावे. गावच्या शाळेत त्याचे शिक्षण चालू होते. अशात एका दत्तजयंतीला उत्सवात दारूकाम चालले असताना एक फटाका त्या मुलाच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळे भाजले.

उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. तिथे डॉ. भडभडे यांनी उपचार केले, पण दृष्टी अधू झाली ती झालीच. पुस्तकी शिक्षण संपले. आपण आज विचार करून बघा. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा काळ, भिक्षुकीवर आणि कीर्तनावर चालणारे घर, आणि मुलाला अक्षर दिसत नाही. त्याने करायचे काय? डॉक्टरांनीच सुचवले की मुलाचा गळा चांगला आहे, याला गाणे शिकवा. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि विष्णु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी आणि वासुदेवबुवांचे गुरू ग्वाल्हेरचे हस्सू खाँ. म्हणजे आपल्या कृष्णाकाठी जी गायकी रुजली तिची मुळे एका मुसलमान उस्तादाच्या घरात आहेत, हे विसरून चालत नाही. पुढच्या एका प्रसंगासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गुरुगृही राहून शिकायचे म्हणजे काय, हे आज क्लासला तासाची फी भरणाऱ्यांना समजणे कठीण आहे. घरातली कामे करायची, गुरूंच्या लहरी सांभाळायच्या, पहाटे उठून खर्ज लावायचा, आणि गुरू देतील तेवढे घ्यायचे. वही उघडून पाठ करण्याची सोय विष्णूला तर नव्हतीच. सारे कानाने घ्यायचे आणि स्मरणात ठेवायचे. असे करत तो १८९६ पर्यंत मिरजेस राहिला.

मिरज सोडण्याचे कारण म्हणून चरित्रकार एक प्रसंग सांगतात. गावात काही सभा होती. प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली. विष्णुबुवा संस्थानिकांच्या मर्जीतले, म्हणून त्यांनाही आले. पण त्यांच्या गुरूंना नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की गवयाला सभेला कशाला बोलवायचे, असा कारभाऱ्यांचा विचार होता. गाणे ऐकायला गवई हवा, पण चार माणसांत मानाने बसायला नको. त्या काळी गाण्याबजावण्याचा संबंध व्यसनाशी आणि कोठीशी जोडला जाई. घरंदाज माणूस गाणे ऐके, पण मुलाला शिकू देत नसे. मुलीचे तर नावच नको. विष्णुबुवांच्या मनाला हे फार लागले. गाण्याला आणि गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा, हा निश्चय करून ते बाहेर पडले.

सातारा, बडोदे करत ते काठेवाडात गेले. तिथे त्यांनी राजवाड्याबाहेर, तिकीट लावून लोकांसाठी जाहीर गाणे केले. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा गवई राजाच्या नाहीतर शेठजीच्या मर्जीवर जगत असे. चार आणे टाकून कोणीही यावे आणि मानाने बसून ऐकावे, हा व्यवहार नवा होता. मला बँकवाल्याला यात एक गोष्ट दिसते. एका मोठ्या ठेवीदारावर अवलंबून असलेली शाखा कधीही अडचणीत येते, आणि हजार लहान खाती असलेली शाखा टिकते. विष्णुबुवांनी गाण्याची खाती सामान्य माणसाकडे उघडायला सुरुवात केली.

याच प्रवासात ते गिरनारला गेले. गिरनार म्हणजे साक्षात दत्तप्रभूंच्या पादुकांचे स्थान. तिथे त्यांना एक सत्पुरुष भेटले आणि त्यांनी उत्तरेला, पंजाबकडे जाण्याची आज्ञा केली, अशी हकिकत चरित्रांतून येते. ते सत्पुरुष कोण, हे आपण भक्तांनी आपापल्या श्रद्धेने समजावे. विष्णुबुवा उत्तरेकडे वळले एवढे मात्र खरे. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा मुक्काम करत ते पंजाबात पोहोचले. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण आपण ज्या चिजा गातो त्यांचा अर्थ नीट कळलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. चंदन चौबे यांच्याकडून धृपद घेतले.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कुरुंदवाडचा, डोळ्यांनी अधू, एकोणतीस वर्षांचाही न झालेला हा मराठी माणूस. ना गावचा आधार, ना नात्यातले कोणी. राजाश्रयावाचून, लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या गाण्याच्या कमाईवर चालणारी ही संगीताची शाळा. वेळापत्रक, वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र, स्वरलिपीत छापलेली पुस्तके, सगळे शिस्तीत. गुरूंच्या मर्जीने एखादी चीज मिळण्याची जुनी पद्धत जाऊन, फी भरणाऱ्या कोणालाही ठरलेला अभ्यासक्रम मिळू लागला. मुलींसाठीही वर्ग सुरू झाले. शृंगारिक शब्दांच्या काही चिजा त्यांनी भक्तिपर शब्दांत बसवल्या, म्हणजे घरातल्या लेकीसुनांनाही त्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणता याव्यात. यावर टीकाही झाली, पण घराघरांचे दरवाजे उघडले ते यामुळेच.

शिक्षक कोठून आणायचे? त्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. मुले विद्यालयातच राहत. जेवणखाण, कपडालत्ता विद्यालयाचा. शिकून तयार झाल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन गाणे शिकवायचे. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयात, १९०७ साली, लाहोरला गेले ते असेच. पुढे ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे अशी एकाहून एक माणसे या शाळेत तयार झाली.

१९०८ मध्ये मुंबईला विद्यालय निघाले आणि हळूहळू तेच मुख्य झाले. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत झाली. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्यदुरुस्तीचा कारखाना असा मोठा पसारा उभा राहिला. आणि त्याबरोबर कर्जही. मी पस्तीस वर्षे कर्जखाती पाहिली आहेत, म्हणून हा भाग वाचताना जीव तुटतो. गाणे करायचे, आलेली बिदागी व्याजात घालायची, मुलांच्या जेवणाचा खर्च चालू ठेवायचा, पुन्हा दौऱ्यावर निघायचे. मुद्दल तसेच. शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांकडून एक पैसा घ्यायचा नाही, अशा हिशेबाने कोणतीही संस्था ताळेबंद जुळवू शकत नाही. शेवटी १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. आयुष्याची कमाई गेली.

ही झाली व्यवहाराची बाजू. पण याच वर्षांत दुसरीकडे काय चालले होते तेही पाहू.

देशात स्वराज्याची हवा होती. काँग्रेसच्या अधिवेशनांत विष्णुबुवा वंदे मातरम् गात. काफी रागातली त्यांची चाल प्रसिद्ध आहे. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. हजारोंचा समुदाय, चारी प्रांतांची माणसे, एकाची भाषा दुसऱ्याला समजत नाही. अशा गर्दीपुढे हा धिप्पाड, भारदस्त माणूस उभा राही आणि नुसत्या गळ्याच्या बळावर सभा शांत करी. भाषण समजायला भाषा लागते, सुराला लागत नाही.

१९२३ च्या काकीनाडा अधिवेशनाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. विष्णुबुवा गायला उभे राहिले तेव्हा अध्यक्षांनी आपल्या धर्मात संगीत मान्य नाही म्हणून हरकत घेतली. विष्णुबुवांनी शांतपणे सांगितले की हे कोणा एका धर्माचे ठिकाण नाही, ही राष्ट्राची सभा आहे. आणि त्यांनी गीत पुरे केले. हा प्रसंग सांगताना काहीजण त्याला दोन धर्मांच्या भांडणाचा रंग देतात. मला तसे वाटत नाही. म्हणूनच मी मघाशी हस्सू खाँसाहेबांचे नाव लक्षात ठेवायला सांगितले. ज्याची गुरुपरंपराच अशी मिश्र आहे, तो गायक धर्माविरुद्ध कसा बोलेल? मिरजेत गवयाला सभेत जागा नाही म्हणून जो घराबाहेर पडला, तो सत्तावीस वर्षांनी देशाच्या सर्वांत मोठ्या सभेत गाण्याची जागा राखत होता. मला तरी त्या दोन प्रसंगांचा धागा एकच दिसतो.

महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता. विष्णुबुवांनी आपला शिष्य दिला, नारायण मोरेश्वर खरे. खरेशास्त्रींनी आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरात बसवली, आश्रम भजनावलीचे संकलन केले. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी निवडक सत्याग्रही घेऊन दांडीला निघाले, त्यांत खरे होते. सुमारे ३८५ किलोमीटरची पायवाट, उन्हाळ्याचे दिवस. रामधून म्हणत ती माणसे चालली. आज आपण सगळे ज्या चालीवर रघुपती राघव म्हणतो, त्या चालीचे श्रेय विष्णुबुवांनाच दिले जाते. त्यात ना अवघड तान, ना मोठी उडी. एकाने म्हणावे, इतरांनी मागून उचलावे. पोराने म्हणावी, म्हातारीने म्हणावी. पावलाला ठेका मिळतो. वारीत चाललेल्या माणसाला हे सांगायला नको. मोठ्या मोठ्या ताना घेणाऱ्या गवयाला इतके सोपे करणे साधावे, हे मला त्यांच्या साऱ्या गायकीपेक्षा मोठे वाटते.

चळवळीला गाणे का लागते, याचे उत्तर मला माझ्या घरात मिळाले. माझ्या आईला शेवटच्या दोन वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता. माझे नाव तिला आठवत नसे. सुनेला ती शेजारीण समजे. जेवली की नाही हेही सांगता येत नसे. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावून आम्ही टेंबे स्वामी महाराजांची करुणात्रिपदी म्हणू लागलो की तिचे ओठ हलत. कोठेही न अडखळता, आमच्याही पुढे जाऊन, ती शेवटपर्यंत म्हणे. म्हणून झाले की माझ्याकडे बघून हसे. तेवढा वेळ ती आमची आई असे. डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळांचे होते. चालीत बसलेले शब्द फार खोल जातात. माहिती विसरते, हिशेब विसरतो, नावे विसरतात, सूर राहतो. मग एखाद्या गावाने मिळून म्हटलेले गाणे ते गाव कसे विसरेल? सभेतले भाषण घरी जाईपर्यंत निम्मे विसरते, पण चाल घरी येते, चुलीपुढे गुणगुणली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पोरे ती म्हणू लागतात. तुरुंगाच्या भिंती तिला अडवत नाहीत.

इमारत जाण्याच्या आधीपासूनच विष्णुबुवांचे मन रामाकडे ओढले गेले होते. १९२२ मध्ये त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापला. भगवी वस्त्रे आली. तुलसीदासांच्या रामचरितमानसावर ते सुरांतून प्रवचन करत. कीर्तनकाराचा मुलगा पुन्हा कीर्तनाकडे आला म्हणा ना. काही रसिकांना हे रुचले नाही, एक मोठा गवई रामनामात हरवला असे ते म्हणत. आपल्यासारख्या उपासकांना मात्र यात हरवण्यासारखे काही दिसणार नाही.

प्रपंचातले दुःखही थोडे नव्हते. बारा अपत्ये झाली आणि त्यांतले एकच जगले. त्या मुलाचे नाव दत्तात्रेय. दत्तजयंतीला ज्याचे डोळे गेले त्याने मुलाचे नाव दत्तात्रेय ठेवावे, यावर मी अधिक काही लिहीत नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णुबुवांनी देह ठेवला. एकोणसाठ पुरी होऊन तीन दिवस झाले होते. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा.

एक इमारत लिलावात गेली, पण पुढचा हिशेब पाहा. त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्याला विद्यालय काढले. १९३९ मध्ये दिल्लीला निघाले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून वंदे मातरम् गायले ते पंडित ओंकारनाथ ठाकूर, विष्णुबुवांचे शिष्य. पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचा विभाग त्यांनीच उभारला. १९७३ मध्ये भारत सरकारने विष्णुबुवांचे टपाल तिकीट काढले. आज गावोगावची मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते की यामागे कुरुंदवाडचा एक माणूस आहे. माझी नात गेल्या वर्षी प्रारंभिकची परीक्षा पास झाली. तिला मी हे सगळे चरित्र सांगितले. ती म्हणाली नाही काही, पण दुसऱ्या दिवशी पेटीवर बसताना आधी नमस्कार केला.

आणि तो दहा वर्षांचा दत्तात्रेय? विनायकराव आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकवले. पंधरा वर्षांच्या आत तो जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. पुढे तो पंडित द. वि. पलुसकर म्हणून गाजला. १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर त्यांनी गायलेली जुगलबंदी आपल्या पिढीने ऐकली आहे. तुलसीदास, मीरा यांची त्यांनी गायलेली भजने माझ्या लहानपणी सकाळच्या रेडिओवर लागत. वडील दाढी करता करता थांबत, वस्तरा तसाच हातात. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष कधी ऐकला नाही अशा माझ्यासारख्या हजारोंच्या सकाळी त्यांच्या सुरांनी भरलेल्या आहेत. वडिलांचा आवाज मला आता आठवत नाही. तो थांबलेला वस्तरा आणि ते भजन आठवते.

दत्तभक्तहो, हे चरित्र आपल्या उत्सवात का सांगावे, ते शेवटी लिहितो. आपल्या अनेक देवळांत आता आरती यंत्र म्हणते. बटण दाबले की नगारा आणि घंटा सुरू, ध्वनिक्षेपकावर कोणा दूरच्या गायकाचा आवाज, आणि आपण हात जोडून गप्प उभे. सोय आहे, नाही कशाला म्हणू. पण विष्णुबुवा ज्यासाठी घर सोडून निघाले ते याच्या उलट होते. गाणे चार निवडक लोकांकडून काढून सगळ्यांच्या गळ्यात द्यायचे, हे त्यांचे काम. ते आपण पुन्हा यंत्राच्या हवाली करत आहोत. आवाज बेसूर असेल तर असू द्या. एकदा गळ्यातून निघालेली आरती नातवाच्या कानात बसते, आणि ती त्याला आपल्या वयात साथ देते. यंदाच्या उत्सवात निदान पालखीच्या वेळी यंत्र बंद ठेवावे आणि मुलांना पुढे उभे करून पदे म्हणवून घ्यावीत, अशी माझी विश्वस्तांना आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे.

आणि दुसरी विनंती दारूकामाची. जन्मकाळाच्या आनंदात फटाके उडतात तेव्हा मुलांना लांब ठेवा. त्या एका मुलाला दत्तकृपेने गुरू भेटले, वाट मिळाली. दर वेळी असे होईलच असे नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.